एलोदियाचं मत

"अठरा पूर्ण झाली का?" इत्सेलने विचारलं.

"वीस," बेटो म्हणाला आणि चिखलाने भरलेल्या जर्सींची थैली त्याने मोठ्या मशीनपुढे उलटी केली.

"जन्म इथलाच ना?"

"इत्सेल, आपण पहिलीपासून एका वर्गात होतो. माझा जन्म कुठला ते तुला माहीत आहे."

"माहीत आहे, पण विचारायचं असतं. ये, बस. पाच मिनिटांचं काम आहे. तुझं मशीन त्याहून जास्त वेळ चालणार आहे."

बेटोने जर्सी आत कोंबल्या, साबण टाकला, दार लावलं, नाणी सरकवली. मग तिच्याकडे बघून छान हसला आणि म्हणाला, "आत फार उकडतंय. मी बाहेर बसतो."

तो बाहेर जाऊन बाकावर बसला. मागोमाग त्याच्या फुटबॉल टीमची पोरंही एकेक करून उठली. त्यातल्या एकाने तर पेन हातात घेतलं होतं. ते त्याने अगदी अदबीने परत टेबलावर ठेवलं आणि तोही गेला.

इत्सेलने माझ्याकडे पाहिलं. "बघितलंत, दोन्या कुंदा? तो बसला असता तर सगळे बसले असते."

दोन्या म्हणजे बाई, आदराने म्हणायचं तसं. कुंदा शेवाळे हे माझं पूर्ण नाव तिथे कोणाच्या तोंडी बसत नसे, म्हणून मी सगळ्यांची दोन्या कुंदा झाले होते.

आम्ही मूळचे निफाडकडचे. ह्यांना द्राक्षाच्या कामाने कॅलिफोर्नियात आणलं. फ्रेस्नोच्या त्या भागात मैलोन्‌मैल द्राक्षमळे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आपण पिंपळगावच्याच रस्त्याने चाललोय, फक्त रस्ता कोणीतरी झाडून ठेवलाय. हे एका मोठ्या मळ्यावर औषध-फवारणीचं बघायचे. मला घरी बसवेना, म्हणून पिअर्सन नावाच्या छोट्या गावात आम्ही एक लाँड्रोमॅट चालवायला घेतलं. लाँड्रोमॅट म्हणजे नाणी टाकून कपडे धुवायचं दुकान. मशिनं आमची, कपडे ज्याचे त्याचे.

गावाच्या मधोमध रेल्वेचे रूळ होते. रुळांच्या पश्चिमेला नगरपालिका, बँक, झाडी, जुनी गोरी कुटुंबं. पूर्वेला द्राक्षं तोडणारे, खोक्यांत भरणारे, ट्रक चालवणारे. जवळपास सगळे मूळचे मेक्सिकोचे. आमचं दुकान पूर्वेला. आणि पूर्वेची विहीर खराब होती. नळाला पिवळट पाणी यायचं, त्याला गंजका वास. पिण्यासाठी लोक बाटल्यांचं पाणी आणत, पण कपडे बाटलीच्या पाण्याने कोण धुणार? माझ्याकडे पांढरा शर्ट टाकला तर चहात बुडवल्यासारखा बाहेर यायचा. मी दिवसभर माफी मागत असे. लोक म्हणत, तुमचा काय दोष, आमच्या घरीही असंच आहे.

पश्चिमेकडून नवी पाइपलाइन आणायची गोष्ट नगरपालिकेत दरवर्षी निघे आणि दरवर्षी मागे पडे. पालिकेत पाच सभासद, पाचही पश्चिमेचे. कारण सरळ होतं. पूर्वेचं कोणी मत देत नसे. थोरल्यांपैकी बऱ्याच जणांना ते देताच येत नव्हतं. ते नागरिक नव्हते. त्यांची पोरं मात्र तिथल्याच दवाखान्यात जन्मलेली, म्हणजे जन्माने अमेरिकन. ती आता अठरा-वीस वर्षांची झाली होती, पण मतदार म्हणून नाव कोणीच नोंदवलेलं नव्हतं.

हे गणित इत्सेलने मांडलं. ती फ्रेस्नोच्या कॉलेजात शिकत होती आणि शनिवार-रविवार घरी येई. ऑगस्टात एक दिवस ती माझ्यापुढे उभी राहिली.

"तुमच्याकडे लोक तासभर बसलेले असतात आणि त्यांना काही काम नसतं. गावात अशी दुसरी जागा नाही. मला एक कोपरा द्या."

मी म्हटलं, "अगं, मला स्वतःला मत नाही. माझं ग्रीन कार्ड आहे. राहता येतं, कर भरता येतो, मत देता येत नाही."

"तुमच्या टेबलालाही मत नाही," ती म्हणाली. "मला टेबल चालेल."

कपड्यांच्या घड्या घालायचं लांब टेबल मी तिला दिलं. एका टोकाला लोक घड्या घालत, दुसऱ्या टोकाला ती नोंदणीची कार्डं घेऊन बसे. पक्षाचं नाव नाही, झेंडा नाही. नुसतं विचारायचं, समजावायचं आणि कार्ड भरून घ्यायचं. सुरुवातीला थोड्या मुलींनी भरलं. मुलं मात्र कानात गाणी घालून बसत. कोणी म्हणे, आपल्या एका मताने काय होणार. कोणी म्हणे, पुढच्या वर्षी. आणि बहुतेकांची नजर बेटोकडे असे.

बेटो हे त्याचं घरचं नाव, खरं नाव एरिबेर्तो. रविवारच्या फुटबॉल टीमचा तो गोलकीपर आणि कप्तान. आठवडाभर गॅरेजात काम करायचा आणि रविवारी सामना झाला की सगळ्या टीमच्या जर्सी माझ्याकडे आणायचा. शांत मुलगा. पूर्वेकडच्या पोरांत त्याचा शब्द चालायचा, तोही त्याने न बोलता. मला त्याला हाक मारायला आवडायचं. बेटो म्हणताना बेटा म्हटल्यासारखंच वाटायचं.

सप्टेंबर संपत आला तेव्हा हॅलोरन दुकानात आले. हे पालिकेच्या पाच सभासदांपैकी एक, आणि आमच्या दुकानाच्या इमारतीचे मालक. सत्तरीचे, टापटीप, बोलणं मऊ. त्यांनी एका ड्रायरवर हात ठेवून तो गरम आहे का पाहिल्यासारखं केलं.

"धंदा कसा आहे, मिसेस शेवाले?"

"चांगला आहे. पाणी सोडून."

ते हसले. मग टेबलाकडे मान वळवून म्हणाले, "ती मुलगी हुशार आहे. पण दुकानात राजकारण आलं की गिऱ्हाईक बुजतं. मी तुमच्या भल्यासाठी सांगतो. आणि डिसेंबरात आपला करारही नवा करायचाय, नाही का? सगळं सुरळीत असलं की बरं असतं."

एवढंच बोलून, टोपीला हात लावून ते गेले. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. पण मला जे समजायचं ते समजलं. मशिनं आम्ही कर्ज काढून घेतलेली. तेवढ्या मोठ्या मशिनांना गावात दुसरी जागा नव्हती.

संध्याकाळी जेवताना मी ह्यांना सांगितलं. हे भाकरी मोडता मोडता थांबले. आमचे हे फार विचार करून बोलणारे. मला वाटलं, म्हणतील, काढून टाक ते टेबल, आपण परक्या मुलखात धंदा करतोय.

"टेबल कोणाचं आहे?" ह्यांनी विचारलं.

"आपलं."

"घड्या घालायला लागतंच ना ते?"

"लागतंच."

"मग काढायचं कसं?" हे म्हणाले आणि जेवू लागले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "डिसेंबरचं डिसेंबरात बघू. वाढ थोडं."

टेबल राहिलं. पण टेबल राहून उपयोग काय, बसायला कोणी हवं ना. नोंदणीची मुदत ऑक्टोबरात संपणार होती. इत्सेलचा चेहरा दर रविवारी थोडा थोडा उतरत चालला. एकदा तिने बेटोला बाहेर बाकावर गाठलं. काचेतून मला दिसत होतं. ती हातवारे करत होती आणि तो बुटांकडे बघत होता. परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"काय म्हणाला?"

"काहीच नाही. म्हणतो, तू बरोबर आहेस. आणि सही करत नाही. भांडला तरी असता."

मुदतीच्या आदल्या रविवारी एलोदिया आली.

एलोदिया बेटोची आई. हे तिचं खरं नाव नाही. ती अजून तिथेच राहते, म्हणून बदललं. द्राक्षं खोक्यात भरण्याच्या शेडमध्ये ती काम करायची. हंगामात रविवारीही सुट्टी नसे, त्यामुळे दुकानात कमी यायची, पण माझी तिची मैत्री जुनी. ती मिरच्या दगडी खलात कुटायची, मीही कुटायची. तिने मला स्पॅनिश शिकवलं आणि मी तिला ठेचा. माझा ठेचा खाऊन ती म्हणाली होती, चांगला आहे, लहान मुलांना देता येईल. वीस-बावीस वर्षांपूर्वी ती सीमा ओलांडून आली होती, पोटात बेटो होता. तिच्याकडे तिथे राहायच्या परवानगीचे कागद नव्हते. हे सगळ्या पूर्वेला माहीत होतं आणि कोणी बोलत नसे. नवरा कधीच सोडून गेलेला. घरात ती आणि बेटो, दोघंच.

हंगाम संपला होता. ती जाड ब्लँकेटं धुवायला घेऊन आली. मशीन लावून माझ्याजवळ येऊन बसली आणि टेबलाकडे हनुवटी करून म्हणाली, "ती पोरगी काय करतेय?"

मी माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं. पाण्याचं सांगितलं, पालिकेचं सांगितलं, हॅलोरन यांच्या जागेवर पूर्वेकडून शाळेच्या निवृत्त नर्सबाई ओर्तेगा उभ्या राहिल्यात तेही सांगितलं. एलोदिया लक्ष देऊन ऐकत होती. ओर्तेगाबाईंनी बेटोला शाळेत लस टोचली होती, ते तिला आठवलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "माझ्या बेटोने पहिल्यांदा भरलं असेल."

मी नाण्यांच्या डब्याचं झाकण उगाच लावलं, उघडलं.

"नाही भरलं?" ती म्हणाली.

"त्याला वेळ मिळाला नसेल."

"दर रविवारी तर इथे बसतो."

तेवढ्यात दार ढकलून पोरं आत आली. सामना जिंकून आलेली, मोठमोठ्याने बोलत, घामाने भिजलेली. सगळ्यांत मागे थैली खांद्यावर घेतलेला बेटो. आईला पाहून तो थबकला. पोरंही एकदम शांत झाली. एकेकाने "दोन्या एलो" म्हणून मान लववली.

"तू त्या कार्डावर सही केलीस का?" एलोदियाने विचारलं.

"आई, कपडे टाकू दे."

"कपडे थांबतील."

बेटोने थैली खाली ठेवली. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "घरी बोलू."

"घरी आपण बोलत नाही. घरी आपण कुजबुजतो. इथे मशिनांचा आवाज आहे, इथे बोल."

पोरं दुसरीकडे बघू लागली. इत्सेल टेबलामागे खुर्चीत ताठ बसली होती. इतकी बडबडी पोरगी, पण तिने त्या वेळी तोंड उघडलं नाही, हे तिचं शहाणपण.

"त्या कार्डावर पत्ता लिहावा लागतो," बेटो शेवटी म्हणाला. "आपल्या घराचा."

एवढं एकच वाक्य. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. दोन महिने आम्ही समजत होतो की पोराला पर्वा नाही.

एलोदियाने शेजारची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि त्याला बस म्हणाली. तो बसला. ती त्याच्यासमोर उभीच राहिली, हात ओटीपोटाशी धरून, कामावर मुकादमापुढे उभी राहावी तशी.

"तू पाच वर्षांचा होतास. मी शेडवर जाताना तुला काय सांगायची?"

"आई, नको ना."

"काय सांगायची?"

"दार वाजलं तर उघडायचं नाही," बेटो खाली बघत म्हणाला. "कोणी विचारलं तर नाव सांगायचं नाही. कुठे राहतो ते सांगायचं नाही."

"तू एकदाही मोडलं नाहीस. शेजारीण अंडी घेऊन आली होती. तिने खिडकीतून तुला पाहिलं. तू सोफ्याच्या मागे बसला होतास, तोंडावर हात धरून. ती मला म्हणाली, किती शहाणा मुलगा आहे तुमचा. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही."

कोणाचं तरी मशीन थांबलं. ते उघडायला कोणी उठलं नाही.

"ते माझ्यासाठी होतं, मिहो," ती म्हणाली. मिहो म्हणजे माझ्या लेकरा. "मी लपून राहायचं, हे मी ठरवलं होतं. तू राहायचंस असं कधीच ठरवलं नव्हतं. तुला तसं सांगायचं राहून गेलं. तू मोठा कधी झालास, माझ्या लक्षातच आलं नाही."

"आणि कोणी आलं तर?" बेटो म्हणाला. "माझ्या सहीमुळे कोणी आलं तर मी काय करू?"

"आपला पत्ता शाळेत आहे. दवाखान्यात आहे. विजेच्या बिलावर आहे. यायचं असतं तर कधीच आले असते. मी असं म्हणत नाही की मला भीती नाही. आहे. पण ती माझी आहे, माझ्या मापाची आहे. तू ती अंगात घालून फिरू नकोस."

बेटो दोन्ही हातांत डोकं धरून बसला. मग उठला. टेबलाकडे गेला, इत्सेलच्या समोरची खुर्ची ओढून बसला. तिने पेन पुढे केलं.

त्याने नाव लिहिलं. जन्मतारीख लिहिली. पुढच्या ओळीवर पेन थांबलं. मला गल्ल्यापासून दिसत होतं, पेन कागदाला टेकलेलं होतं आणि हलत नव्हतं.

एलोदिया त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. आणि तिने पत्ता सांगितला. घराचा नंबर, रस्त्याचं नाव, गाव. हळू नाही, कानात नाही. शाळेत गुरुजी शुद्धलेखन घालतात तसा, एकेक शब्द सुटा करून, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात. मी इतकी वर्षं तिला ओळखत होते, पण ती कुठे राहते हे तिच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

बेटोने लिहून घेतलं आणि सही केली.

त्यानंतर कोणाला काही समजवावं लागलं नाही. टीमचा बॅक खेळणारा मुलगा गपचूप येऊन बेटोच्या मागे उभा राहिला. त्याच्यामागे दुसरा. जर्सी तशाच थैलीत पडून होत्या. एलोदिया टेबलाशेजारी उभी राहून प्रत्येकाच्या कार्डात डोकावत होती आणि म्हणत होती, "अक्षर नीट काढ. वाचता आलं पाहिजे." तिला स्वतःला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पोरं मात्र मुकाट्याने अक्षर सुधारत होती. कोणी भावाला फोन केला, कोणी मामेबहिणीला बोलावून आणलं. इत्सेलजवळची कार्डं संपली तेव्हा ती धावत घरी जाऊन आणखी घेऊन आली. मी ह्यांना फोन केला, तर हे येताना सगळ्यांसाठी कलिंगड घेऊन आले आणि घड्या घालायच्या टेबलाच्या उरलेल्या टोकावर कापत बसले.

पण नाव नोंदवणं वेगळं आणि मत द्यायला जाणं वेगळं, हे मला इत्सेलने आधीच बजावलं होतं. मतदान मंगळवारी. पोरं त्या दिवशी कामावर. कोणी गॅरेजात, कोणी बदामाच्या कारखान्यात, कोणी शीतगृहात. सुटायला संध्याकाळ होणार आणि शाळेतलं मतदान आठला बंद होणार.

त्या मंगळवारी एलोदिया दुपारीच दुकानात आली. बरोबर कपड्यांची पिशवी नव्हती. निळा फुलांचा झगा, कानात मोत्यांची कुडी, केस नीट बांधलेले. शाळा दोन गल्ल्यांवर होती, पण तिकडे पोलिसाची गाडी उभी असते म्हणून ती जाणार नव्हती. माझ्याकडे येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. तिथून शाळेचा रस्ता दिसायचा.

"तुमच्याकडे कसं असतं?" तिने विचारलं.

मी सांगितलं. आमच्याकडे त्या दिवशी सुट्टी असते. माझी आई ठेवणीतलं पातळ काढायची. बैलगाडीतून, ट्रॅक्टरमधून बाया गाणी म्हणत यायच्या. बोटाला शाई लावतात आणि ती बरेच दिवस जात नाही. वडील दोन दिवस ते बोट वर धरूनच फिरायचे.

"शाई," एलोदिया म्हणाली आणि स्वतःच्या बोटाकडे पाहून हसली. "मी असते तर सगळा हात रंगवला असता."

सहा वाजले, तरी रस्त्यावर ओळखीचं कोणी दिसेना. ती सारखी उठून काचेपाशी जात होती. साडेसहाला गॅरेजची गाडी आली. बेटो चालवत होता आणि मागे पोरं दाटीवाटीने उभी होती. त्याने बदामाचा कारखाना, शीतगृह, सगळीकडे फिरून एकेकाला उचललं होतं. गाडी शाळेकडे वळली. मागोमाग दुसरी आली, मग तिसरी. इत्सेल फुटपाथवरून धावत गेली, आम्हाला हात करून.

मग वाट पाहणं. ड्रायर फिरत होते, एलोदिया बोटांनी झग्याची किनार घडी करत होती, सोडत होती.

"तुम्हाला हे मत कधी मिळेल?" तिने विचारलं. बहुधा वेळ काढायला म्हणूनच.

"मला? नागरिक झाले की."

"आणि ते कधी होणार?"

"अर्ज केला की. परीक्षा असते, सोपी असते म्हणतात. ह्यांनी आणि मी दोन वर्षांपूर्वीच करायला हवा होता. पण मग भारताचा पासपोर्ट परत द्यावा लागतो. तो द्यायचं मन होत नाही."

तिने मान हलवली. तिला ते पटलं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. टोमणा मारण्याचा तिचा स्वभाव नव्हता. रस्त्याकडे पाहत ती म्हणाली, "सोडणं अवघड असतं. मीही सोडून आले. पण तुम्हाला ते विचारतायत, दोन्या कुंदा. मला कोणी विचारतसुद्धा नाही."

तेवढ्यात दार उघडलं. बॅक खेळणारा तो पोरगा आत आला, शर्टावर 'मी मत दिलं' असं लिहिलेला छोटा स्टिकर. तो सरळ एलोदियासमोर गेला आणि म्हणाला, "झालं, दोन्या एलो." ती म्हणाली, "शाब्बास." मग पुढचा. ते सांगितल्यासारखे एकेक करून येत होते, आणि त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. सगळ्यांत शेवटी बेटो आला. तो म्हणाला, "आतमध्ये एवढंसं टेबल असतं आणि पडदा. पेन दोरीने बांधलेलं असतं." ती म्हणाली, "आणखी सांग." तो तिच्या शेजारी बसला आणि दारातून आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचं सगळं त्याने तिला सांगितलं. रांगेत पुढे कोण होतं, कागद केवढा होता, ओर्तेगाबाईंचं नाव वरून कितवं होतं. ती मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती, आणि तो कंटाळत नव्हता.

ओर्तेगाबाई हरल्या. थोडक्यात हरल्या, पण हरल्या. इत्सेल दोन दिवस कोणाशी बोलली नाही. हॅलोरन पुन्हा निवडून आले, पण आजवर जसे येत तसे नाही. मोजणी संपेपर्यंत त्यांनाही खात्री नव्हती, असं गावात बोललं जात होतं.

डिसेंबरात ते दुकानात आले तेव्हा मी मनाची तयारी करून ठेवली होती. त्यांनी करार टेबलावर ठेवला. अटी जुन्याच होत्या. मी सही केली. ते लगेच गेले नाहीत.

"मी या गावात जन्मलो, मिसेस शेवाले," ते म्हणाले. "मतदानाच्या दिवशी शाळेच्या दारात उभा होतो. त्या रांगेतल्या निम्म्या पोरांना मी कधी पाहिलेलंच नव्हतं."

"ती इथेच असतात. रुळांच्या अलीकडे."

"हो," ते म्हणाले. मग खिशातून छोटा नकाशा काढून माझ्यापुढे पसरला. "पाणी कोणकोणत्या गल्ल्यांत पिवळं येतं, तुम्हाला माहीत असेल. जरा दाखवाल?"

मी बेटोला गॅरेजातून बोलावून घेतलं. म्हटलं, हा दाखवेल. त्या दोघांनी माझ्या टेबलावर नकाशा ठेवून तासभर घालवला. पाइपलाइन यायला पुढे आणखी दोन वर्षं गेली, पण ती आली. ओर्तेगाबाईही पुढच्या खेपेला निवडून आल्या, आणि त्या वेळी बेटो त्यांच्या प्रचारात होता.

मी आणि ह्यांनी करार झाला त्याच हिवाळ्यात नागरिकत्वाचा अर्ज केला. फ्रेस्नोला शपथ घेताना मला आईची आणि वडिलांची फार आठवण आली. पासपोर्ट पाकिटात घालून पाठवताना मी तो दोनदा बाहेर काढला, हेही खरं. एलोदियाने त्या रविवारी इतकं तिखट कालवण करून आणलं की ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला रडायला निमित्त मिळालं.

आता मी मत देते. एलोदिया अजूनही देऊ शकत नाही. तिचा बेटो तिच्यासाठी वकिलांकडे खेटे घालतोय. काय होईल ते होईल. पण दर निवडणुकीच्या आधी ती माझ्याकडे येऊन बसते आणि मला नमुना मतपत्रिकेचा कागद वरपासून खालपर्यंत वाचून दाखवायला लावते. शाळेचं मंडळ, पाण्याचं मंडळ, न्यायाधीश, रस्ते, काही म्हणजे काही सोडत नाही. प्रत्येक नावावर, प्रत्येक प्रस्तावावर तिला काहीतरी म्हणायचं असतं. कधी मला पटतं, कधी पटत नाही. नाही पटलं तर मी तिला तसं सांगते. मग ती दोन दिवस फुगून बसते.

एकदा मी तिला म्हटलं, आमच्या मराठीत माणसाच्या मनातल्या विचाराला मत म्हणतात आणि पेटीत टाकतात त्यालाही मतच म्हणतात. दोन्हीला शब्द एकच.

एलोदियाने कागदावरून मान वर केली.

"म्हणजे तुमच्या भाषेत मला आहे," ती म्हणाली, आणि कागदावरच्या पुढच्या नावावर बोट ठेवून म्हणाली, "हं, वाचा. हा कोण?"